शालेय सामने आणि पराभूत संघ

हॅरिस शील्डसाठी मुंबईच्या शाळांचे क्रिकेट सामने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आले आहेत. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावरील उपान्त्य सामन्यात दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी (नाबाद ३४९) व सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) यांनी धोबीतलावच्या सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. झेवियर्सच्या साईराज बहुतुले याच्या फिरकीवर १८२ धावा निघाल्या. बळी एकही मिळाला नाही. तरी त्याने गोलंदाजी सोडली नाही. पुढे तो मुंबईकडून रणजी सामने खेळला आणि २००१ मध्ये भारताच्या कसोटी संघात आला. धावफलकावरून सामन्याचा निकाल कळतो. मुलाची योग्यता त्यावरून ठरवू नये. हरलेल्या मुलांशी शिक्षकांनी त्याच सायंकाळी आपुलकीने बोलावे व दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा मैदानावर न्यावे.