चिमट्याची भेग

लांब निघायचं म्हटलं की आपण टायर बघतो, ऑइल बघतो, चेनला तेल घालतो. मागचा चिमटा मात्र सहसा कुणी बघत नाही. कंपनीच्या पुस्तकात त्याला स्विंगआर्म म्हणतात. पुढून एका आडव्या बोल्टवर तो चासीला जोडलेला असतो, मागे त्याच्या दोन पायांत चाकाचा ॲक्सल बसतो आणि गाडीचा, माणसांचा, सामानाचा भार शॉकअपमधून त्याच्यावर येतो. चेनकव्हर आणि चिखल यांच्या आड तो नीट दिसतही नाही. तो चालत्या गाडीत मोडला तर चाक तिरकं होतं, चेन उतरते, टायर मडगार्डला जाऊन अडकतं. सावरायला वेळ मिळत नाही.

माझी गाडी जुनी. साडेतीनशे सीसी, एक सिलिंडर, मागे दोन शॉकअप, सेकंडहँड घेतलेली. कोकणातून आंबोली घाट चढताना ती मागून लहरू लागली. सरळ रस्त्यावर काही जाणवत नव्हतं. वळणात गाडी झुकवून ॲक्सिलरेटर दिला की मागचं चाक क्षणभर वेगळ्याच दिशेला ओढ घ्यायचं. मागे माझी मुलगी बसली होती. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, टायर उतरलंय. टायर बदललं, लहरणं तसंच. दुसऱ्याने सांगितलं, चिमट्याचे बुश गेलेत. ते खरं होतं, पण अर्धंच. दोघांनीही चिमटा धुऊन बघितला नाही.

आजऱ्यावरून हळूहळू कोल्हापूर गाठलं आणि गाडी उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी मागचं चाक आणि दोन्ही शॉकअप काढून बाजूला ठेवले, रॉकेलने चिमटा धुतला आणि नळीवरून अंगठ्याचं नख फिरवत गेले. डाव्या पायावर, शॉकअपच्या खालच्या कानाशी, नख अडलं. रंगावर गंजाची केसाएवढी तांबूस रेघ होती. रंग खरवडला तर खाली जुनं वेल्डिंग निघालं: ग्राइंडरने सपाट केलेलं, वरून लांबी भरून रंगवलेलं. भेग त्या वेल्डिंगच्या कडेने सुरू होऊन नळीच्या खालच्या अंगाला वळली होती. "ताई, ह्यो आता जोडायचा न्हाई, बदलायचा," एवढंच ते म्हणाले.

लोखंड असं का तुटतं, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या बोलण्यातलं वजन कळत नाही. एका जोरदार दणक्याने चिमटा क्वचितच मोडतो. तो मोडतो दमून. त्याच्या ताकदीच्या कितीतरी खालचा ताण, पण पुन्हा पुन्हा आला की एखाद्या कमजोर जागी सूक्ष्म भेग पडते आणि दर हेलकाव्याला किंचित वाढते. 1842 साली व्हर्सायजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला तो इंजिनाचा आस असाच तुटून. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि धातूच्या थकव्याचं शास्त्र उभं राहिलं. मोटारसायकलचं मागचं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण पाचशे वेळा फिरतं. त्यात खड्डे, स्पीडब्रेकर, एका सिलिंडरची थरथर आणि एकाच बाजूने ओढणारी चेन. भेग पडते ती बहुतेक वेळा वेल्डिंगच्या काठावर, कारण तिथे नळीचा आकार एकदम बदलतो, ताण साठतो आणि उष्णतेने धातूचा मूळ पोत बिघडलेला असतो.

माझ्या गाडीत आणखी एक कारण सापडलं. डाव्या शॉकअपमधलं तेल गळून गेलं होतं. दोन शॉकअपच्या गाडीत एक बाजू धरते आणि दुसरी धरत नाही, तेव्हा चिमटा नुसता वाकत नाही, पिळला जातो. म्हणून शॉकअप बदलायचे ते जोडीनेच. एकच बदलून पैसे वाचवण्याचा सल्ला तुम्हालाही मिळेल. तो ऐकू नका.

सामानाचंही तसंच. लडाख कॅरिअरवर दोन्ही बाजूंना बॅगा, शेवटच्या टोकाला पेट्रोलचे कॅन, असा भार मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकला की शॉकअप पार खाली बसतो आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका न मुरता थेट चिमट्यात जातो. जड वस्तू ॲक्सलच्या पुढे आणि खाली हव्यात. गाडीच्या पुस्तकात एकूण भाराची मर्यादा छापलेली असते. मागे बसणाऱ्याचं वजन त्यातच धरायचं असतं.

आर्गन वेल्डिंग करून देतो, वर पट्टी मारून देतो, असं सांगणारे मला भेटले. वेल्डिंग चांगलं होणार नाही असं माझं म्हणणं नाही. पण नवी शिवण म्हणजे कडेला नवी कमजोर रेषा, उष्णतेने चिमटा थोडा जरी वाकला तर चाक सरळ बसत नाही, आणि उरलेल्या नळीनेही तेवढेच हेलकावे खाल्लेले असतात. पट्टी मारली तर ताण पट्टीच्या टोकाशी जाऊन बसतो. भेगेच्या टोकाला भोक पाडून ती थोपवायची पद्धत पुलांच्या आणि विमानांच्या कामात आहे, पण तिथे त्या भागावर सतत नजर असते. दोन माणसं आणि सामान घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला मी ती वापरणार नाही. ॲल्युमिनियमच्या चिमट्याबाबत तर आणखी सावध राहा. त्यातल्या मिश्रधातूला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगजवळ ती बरीचशी जाते आणि रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये परत आणता येत नाही.

जुन्या गाडीला नवा मूळ चिमटा मिळेलच असं नाही. मी पुण्यात नाना पेठेत फिरले. लोकल माल मिळत होता, पण हातात घेतल्यावरच हलका लागला. शेवटी मोडीत काढलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा चिमटा घेतला. मॉडेल तेच असलं तरी वर्षागणिक फरक पडतो. ड्रमब्रेकची गाडी डिस्कब्रेकवर गेली की ब्रेक अडवणारा कान बदलतो, ॲक्सलची जाडी बदलू शकते. म्हणून जुना चिमटा सोबत न्या आणि शेजारी ठेवून पुढच्या नळीची लांबी, ॲक्सलची खाच, शॉकअपच्या कानांची जागा, सगळं मोजून घ्या.

वापरलेला चिमटा घेतला की तपासणीचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण तो आधी सँडब्लास्टिंगला देतात. तसं करू नये. वाळूच्या माऱ्याने पृष्ठभागाचा धातू पसरतो आणि बारीक भेगेचं तोंड बुजतं. आधी पेंट रिमूव्हरने रंग काढायचा, मग डाय पेनेट्रंट चाचणी. स्वच्छ केलेल्या भागावर लाल द्रव फवारायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, पुसायचं आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हे सामान वेल्डिंगच्या दुकानात मिळतं. नंतर सपाट टेबलावर पुढच्या नळीतून आणि ॲक्सलच्या खाचेतून सरळ दांडे घालून ते समांतर आहेत का बघायचं. हे सगळं पार पडल्यावरच ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग. कोटिंगच्या भट्टीत रबर टिकत नाही, तेव्हा बुश आधी काढा. आणि बुशाचं भोक, ॲक्सलचा नट जिथे टेकतो ती जागा टेपने झाकून घ्या. नटाखाली रंगाचा जाड थर राहिला की तो पुढे दबतो आणि नट ढिला पडतो.

चिमटा चासीला जोडणारा तो आडवा बोल्ट, म्हणजे पिव्होट बोल्ट, जुना झाला की सहज निघत नाही. आधीच काही दिवस त्यावर गंज सोडवणारं तेल मारत राहा. ठोकताना नट आट्यांवर ठेवून पितळी दांड्याने ठोका, म्हणजे आटे बसणार नाहीत. गाडीला इंजिनाखालून जॅकचा आधार हवा. चाक आणि चिमटा निघाल्यावर वजन पुढे सरकतं आणि नुसत्या डबल स्टँडवर गाडी भरवशाची राहत नाही.

बसवताना बुश कोणते आहेत ते बघा. पितळी असतील तर भरपूर ग्रीस. रबराचे सायलेंट ब्लॉक असतील तर पिव्होटचा नट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून, नेहमीच्या भाराखाली आवळा. चिमटा लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाना अंदाजाने ओढू नका. टॉर्क रेंच घ्या आणि आकडा तुमच्याच गाडीच्या पुस्तकातून घ्या. नायलॉक नट आणि स्प्लिट पिन नवीनच वापरा. चेनच्या लॉकचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं.

चेन किती सैल ठेवायची, हे कुणीतरी मागे बसलेलं असताना बघा. पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणली जाते. तिथेही तिला थोडी ढील उरली पाहिजे. रिकाम्या गाडीवर ताठ केलेली चेन भार पडताच चिमटा आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग दोन्ही खेचत राहते. चाक सरळ बसलंय का, यासाठी चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नका. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी पुढपर्यंत सुतळी ताणा आणि पुढच्या टायरपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे का ते मोजा. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा टॉर्कवर तपासा.

काढलेला चिमटा भंगारात देण्याआधी कटरने त्याचे दोन तुकडे करा. अख्खा दिला तर कुणीतरी भेग भरून, लांबी लावून, रंगवून तो पुन्हा विकेल, आणि घेणाऱ्याला ते कळणारही नाही. माझ्या जुन्या चिमट्याचे तुकडे मी मिस्त्रींसमोरच करून घेतले.