डिझेल वाढवण्याआधी हवा पाहा

प्रश्न : माझी टर्बो डिझेल गाडी आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर लोड घेतला की दम टाकते, काळा धूर सोडते. मेकॅनिक म्हणतो, मॅप बदलून डिझेल वाढवू. करू का? – एक वाचक, अहेरी

उत्तर : आत्ता मुळीच नको. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. त्यात आणखी डिझेल ओतलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि टर्बो, पिस्टन त्यानेच जातात. पेट्रोल टर्बोचं उलटं: तिथे भर बूस्टमध्ये इंधन कमी पडलं की नॉकिंग होतं, म्हणून एक भाग पेट्रोलला साधारण 12 भाग हवा ठेवतात. तो हिशोब डिझेलला लावू नका.

आधी एअर फिल्टर काढून पाहा. खनिजाच्या ट्रकांमागे चालणाऱ्या गाडीचा तो फार लवकर तुंबतो. मग इंटरकूलरचे होज. जोडावर ताजं तेल ओघळलेलं दिसलं, तर बहुधा तिथूनच बूस्ट गळतोय. इंजेक्टरही तपासून घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे डिसेंबरात जमलेलं ट्युनिंग उन्हाळ्यात इंजिन जाळू शकतं. गाडी बीएस-6 असेल तर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही भरेल. एवढं करूनही ताकद कमीच वाटली, तर एक्झॉस्टचं तापमान मोजणारा मीटर बसवल्याशिवाय मॅपला हात लावू देऊ नका.