यंत्राचा हात आणि माणसाचा कणा

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. महार वतनातील अशाच राबवणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. वेठीचे नाव धारण करणारे यंत्र आज पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत साहाय्य करीत आहे. त्याचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

मोडलेले किंवा सरकलेले मणके स्थिर करण्यासाठी मणक्याच्या मागील अरुंद भागातून स्क्रू बसवितात. लगतच मज्जारज्जू व नसा असतात. काही मिलिमीटरची चूकही अपंगत्व आणू शकते. म्हणून अचूक दिशा देणाऱ्या साधनाची गरज भासली. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘प्यूमा ५६०’ या औद्योगिक यंत्रबाहूच्या साहाय्याने मेंदूतील नमुना तपासणीसाठी काढण्यात आला. पुढे इस्रायलमधील माझोर कंपनीच्या ‘स्पाइनअसिस्ट’ला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. यात सीटी स्कॅनवरून सर्जन मार्ग आखतो, यंत्र त्या दिशेने नळी धरते आणि छिद्र सर्जनच पाडतो.

एखादी गोष्ट केवळ कोणी सांगितली म्हणून स्वीकारू नये, ती पारखून घ्यावी, अशी तथागतांची कालामांना शिकवण आहे. यंत्रालाही हीच कसोटी लागू होते. जर्मनीतील ६० रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाताने बसविलेले ९३ टक्के स्क्रू योग्य जागी आढळले, तर यंत्रसाहाय्याने बसविलेले ८५ टक्के. हाडाच्या उतारावर नळी सरकत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज होता. नंतरच्या यंत्रांत साधनाची जागा पडद्यावर सतत दाखविणारी व्यवस्था आली आणि अचूकता वाढली. भविष्यात शस्त्रक्रियेचे नियोजन संगणक अधिकाधिक करील; तथापि निर्णयाची जबाबदारी माणसाचीच राहील.

मात्र ही यंत्रे अत्यंत महाग आहेत. ती मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांतच राहिली, तर आयुष्यभर ओझी वाहून कणा झिजलेल्या हमालाला, ऊसतोड कामगाराला त्यांचा काय उपयोग? १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, यंत्राचे लाभ मूठभरांच्या हाती न राहता सर्वांना मिळाले पाहिजेत, असे प्रतिपादन केले होते. डॉक्टर, अभियंते व प्रशासक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हे तंत्र आत्मसात करावेच. शिवाय ते जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचावे, यासाठीही झटावे.