नैराश्य व चिंतेवरील औषध : बरे वाटू लागले तरी स्वतःहून बंद करू नये

नैराश्य आणि चिंताविकार हे आजार आहेत. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. या आजारांवर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्या केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्याव्यात. शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची गोळी घेऊ नये.

गुण केव्हा येतो?
सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता किंवा झोपेत बदल जाणवू शकतो. हा त्रास बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. औषधाचा गुण साधारण 2 ते 4 आठवड्यांनी दिसू लागतो. पूर्ण परिणामास 6 ते 8 आठवडे लागू शकतात. तोवर धीर सोडू नये.

औषध किती काळ घ्यावे?
लक्षणे गेल्यानंतरही औषध सामान्यतः किमान 6 महिने चालू ठेवावे लागते. लवकर थांबविल्यास आजार उलटण्याचा संभव असतो. एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, निद्रानाश, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असा त्रास होतो. हे व्यसनाचे लक्षण नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करावी. एखादी गोळी चुकल्यास आठवण होताच घ्यावी. पुढील गोळीची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली गोळी सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

बदली व प्रवासाच्या वेळी
लखनौच्या मानक नगरात रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेचे मुख्यालय आहे. अशा वसाहतींतील कुटुंबांचे उपचार बदलीच्या धावपळीत खंडित होऊ शकतात. म्हणून निघण्यापूर्वी चिठ्ठीची प्रत, औषधाचे मूळ नाव, मात्रा व उपचार सुरू झाल्याची तारीख लिहून घ्यावी आणि नव्या ठिकाणी डॉक्टर भेटेपर्यंत पुरेल इतके औषध त्यांच्या सल्ल्याने जवळ ठेवावे. लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात मानसोपचार विभाग आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

डॉक्टरांना अवश्य सांगावे
• ट्रामाडॉल, लिनेझोलिड, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी किंवा आयुर्वेदिक औषधे चालू असल्यास.
• गर्भधारणा असल्यास वा अपेक्षित असल्यास. अशा वेळीही औषध स्वतःहून थांबवू नये.
• पूर्वी कधी अतिउत्साह, अखंड बडबड, झोपेची गरजच न वाटणे असे घडले असल्यास.
मद्यपान टाळावे. गुंगी येत असल्यास वाहन चालवू नये.

तातडीने मदत केव्हा घ्यावी?
आत्महत्येचे विचार, तीव्र बेचैनी, किंवा ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा व गोंधळलेपणा एकत्र दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. 25 वर्षांखालील रुग्णांकडे पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यावर विशेष लक्ष द्यावे. धोका वाटल्यास गोळ्या घरातील जबाबदार व्यक्तीने आपल्या ताब्यात ठेवाव्यात आणि रुग्णाला एकटे सोडू नये.

10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. तेथे मराठीतूनही बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा मानू नये.