वाड्यातील जुनी बंदूक : इतिहासाचे साधन आणि कायद्याची जबाबदारी

जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली किंवा वाटणीसाठी घरातील सामानाची मोजदाद सुरू झाली, की माळ्यावरून वा कोनाड्यातून कधीकधी एखादी लांब नळीची, गंजलेली बंदूक बाहेर येते. घरच्या मंडळींपुढे अशा वेळी सामान्यतः दोन वाटा उभ्या राहतात. एक वाट भीतीची. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून बंदूक विहिरीत टाकली जाते किंवा पुरली जाते. दुसरी वाट लोभाची. भंगार अथवा शोभेची वस्तू म्हणून ती गुपचूप विकली जाते. कोणत्याही वाटेने गेले तरी एक ऐतिहासिक साधन कायमचे हरवते. शिवाय नकळत कायद्याचा भंग होण्याचा संभव असतो तो वेगळाच. या दोहोंहून निराळी अशी तिसरी, सरळ वाट उपलब्ध आहे. गावात ज्यांचा सल्ला घेतला जातो, अशा शिक्षक, पोलीस पाटील व पंचायत सदस्यांना तिची माहिती असणे अगत्याचे आहे.

जुन्या बंदुकांचे प्रकार

दख्खनमध्ये दीर्घकाळ प्रचारात राहिलेली बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक होय. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, सतत धुमसत ठेवावी लागे. चाप ओढताच तिचे पेटते टोक रंजकावर टेके आणि नळीतील दारू पेट घेई. युरोपात या बंदुकीची जागा चकमकीच्या बंदुकीने घेतल्यानंतरही ती आपल्याकडे टिकून राहिली. याचे कारण उघड आहे. ती स्वस्त होती, तिची रचना साधी होती व गावचा लोहारही तिची दुरुस्ती करू शके.

अठराव्या शतकात कवायती पायदळाबरोबर चकमकीच्या बंदुका मोठ्या प्रमाणावर आल्या. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी १७६१ च्या पानिपतावर लढल्या. पुढे महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या द बॉयन याने उभारलेल्या फौजेसाठी आग्रा येथे पाश्चात्त्य धर्तीच्या बंदुका घडविल्या जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात टोपीची, म्हणजे केपाची बंदूक आली व त्यानंतर काडतुसाच्या बंदुकांचे युग सुरू झाले. तोड्याची, चकमकीची व टोपीची या तिन्ही प्रकारांत दारू आणि गोळी सामान्यतः नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरीत. त्यामुळे ‘ठासणीची बंदूक’ हे नाव सर्वांनाच लागू पडते.

खुणांचे महत्त्व

जुन्या शस्त्राचे खरे मोल त्याच्या लोखंडात नसून त्यावरील खुणांत आणि त्याच्या माहितीत असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर हृदयाकृती चिन्ह किंवा सिंहाची मुद्रा आढळते. इंग्रजी लष्करी बंदुकांच्या चापाजवळील पट्टीवर राजमुकुट, ‘टॉवर’ हा शब्द व कित्येकदा वर्षही कोरलेले असते. संस्थानांच्या शिलेखान्यातील शस्त्रांवर नोंदीचे आकडे दिसतात. बिकानेरच्या शिलेखान्यातील अनेक शस्त्रांवर टिंबाटिंबांनी देवनागरी अक्षरे ठोकलेली आहेत. १६८९ च्या सुमारास आदोनीच्या मोहिमेत ही शस्त्रे महाराजा अनुपसिंहांच्या हाती आली, असे त्यांवरून समजते. दख्खनी शस्त्रांचा काळ ठरविताना ही टिंबे अभ्यासकांना फार उपयोगी पडली. कोणी हौसेने ती शस्त्रे घासून लखलखीत केली असती, तर हा पुरावा नाहीसा झाला असता.

अर्थात, केवळ खुणेवर विसंबणेही योग्य नव्हे. जुन्या शिक्क्यांची नक्कल केलेल्या नव्या बंदुका बाजारात पुष्कळ आहेत. म्हणून वस्तू कोणत्या घरातली, कोणाकडून आली, तिच्यासोबत मोडी कागद, सनद किंवा जुना परवाना आहे काय, या गोष्टींना तितकेच महत्त्व आहे. वस्तू आणि तिची हकीकत यांची ताटातूट झाली, की निम्मा इतिहास जातो.

कायद्याची भूमिका

‘शंभर वर्षांची बंदूक आहे, तिला कसला परवाना?’ असा समज सर्वत्र आढळतो. तो जसाच्या तसा धरून चालणे धोक्याचे आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ अन्वये अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. परंतु ते शस्त्र दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट तेथेच घातलेली आहे. म्हणजे या कलमापुरते पाहिले तर केवळ वय पुरेसे नाही. नळी शाबूत असलेली टोपीची बंदूक किरकोळ दुरुस्तीने उडू शकते.

संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल फेब्रुवारी २०२० मध्ये झाला. ‘क्युरिओ’ या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे संपादन करण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवान्याची आवश्यकता नाही, असे केंद्र शासनाने जाहीर केले. मात्र अशा शस्त्राचा वापर करण्यास, ते बरोबर नेण्यास किंवा त्याची वाहतूक करण्यास परवाना लागतोच. आणि परवान्यावर नोंद असल्याखेरीज त्यासाठी दारूगोळा मिळत नाही. आपली बंदूक या वर्गात बसते, असा निर्णय मालकाने स्वतःच करून मोकळे होणे इष्ट नव्हे. जिल्हादंडाधिकारी किंवा आयुक्तालय क्षेत्रात पोलीस आयुक्त यांच्याकडून त्याबाबत लेखी खुलासा घ्यावा.

वारसाहक्काविषयीही गैरसमज आहेत. परवानाधारकाचे निधन झाल्यावर बंदूक वारसाकडे आली, तरी परवाना आपोआप येत नाही. कलम २१ अन्वये असे शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारस रीतसर पात्र ठरल्यास ते परत मिळू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली व वडिलोपार्जित शस्त्रांनाही ती लागू केली. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कारावास व दंड होऊ शकतो.

आणखी दोन कायदे ध्यानात ठेवावेत. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडविलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तसेच शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू ‘पुरावशेष’ ठरते. १९७२ च्या कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही व तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो.

बंदूक आढळल्यास

पहिली काळजी जीविताची. ठासणीच्या बंदुकीत कित्येक वर्षांपूर्वी भरलेला बार तसाच असू शकतो. सोरा, गंधक व कोळसा यांची ही दारू कोरडी राहिल्यास दीर्घकाळ जिवंत राहते. म्हणून नळी कोणाकडेही रोखू नये. चाप ओढून पाहू नये. नळी तापवू, ठोकू किंवा तिला भोक पाडू नये. मुलांना दूर ठेवावे. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे पोलीस दलातील जाणकार शस्त्र कारागिरानेच तपासावे.

बंदूक घेऊन स्वतः पोलीस ठाण्याकडे निघण्यापेक्षा आधी वर्दी देणे श्रेयस्कर. पोलीस पाटलांमार्फत लेखी कळवावे, छायाचित्रे जोडावीत, जागेवरच पंचनामा करून घ्यावा व पोच जपून ठेवावी. वस्तू कोठे, कधी व कोणासमक्ष मिळाली याची नोंद करावी. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास अथवा जवळच्या संग्रहालयास त्याच वेळी कळविल्यास, ती केवळ मुद्देमाल म्हणून गंजत पडण्याचा धोका टळतो.

जतन आणि संग्रह

बंदूक कायदेशीररीत्या घरी राहिली, तर तिची निगा साधी आहे. पॉलिश कागद, चिंच, लिंबू यांनी लोखंड घासू नये. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी व धातूवर पातळ तेलाचा हलका हात द्यावा. हाताच्या घामाने गंज चढतो, म्हणून सुती हातमोजे वापरावेत. लाकडी दस्त्याला वाळवी व दमट हवेपासून जपावे. कोकणात याची विशेष दक्षता हवी. तुटलेला भाग नवा बसविण्यापेक्षा तुटका भागच जपून ठेवणे अधिक चांगले.

घरी ठेवणे शक्य नसेल, तर संग्रहालयास देणगी हा उत्तम मार्ग आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी जन्मभर गोळा केलेल्या दिव्यांबरोबर, अडकित्त्यांबरोबर शस्त्रेही जनतेसाठी खुली झाली. सातारा, कोल्हापूर व नागपूर येथील संग्रहालयांतूनही जुनी शस्त्रे पाहावयास मिळतात. देणगीसोबत घराण्याची हकीकत लिहून दिली, तर ती बंदूक त्या गावाचे नाव सांगत राहील.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने खेड्यापाड्यांतील शस्त्रांवर कडक निर्बंध आले. त्यानंतर जी थोडी टिकली, ती बहुधा कोणाच्या तरी घरात विसरली गेली म्हणूनच. ती आता उजेडात येत असताना कायद्याच्या धास्तीने नष्ट होऊ नयेत. एखाद्या कुटुंबाने भीत भीत विचारणा केली, तर त्याला योग्य वाट दाखविणे हे गावच्या जाणत्या मंडळींचे काम आहे. ते वेळेवर झाल्यास कुटुंबही निश्चिंत होईल आणि गावच्या इतिहासाचा एक दुवाही शाबूत राहील.