प्लेट निघण्याआधीचा माणूस

एकसष्टीच्या गौरव अंकाचं मुखपृष्ठ. मुलाने वडिलांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, उंचीला १६०० पिक्सेल. मोबाइलवर झकास दिसतो. पण ए-फोर पान ३०० डीपीआयने छापायचं तर उंचीला ३५०८ पिक्सेल हवेत. हा फोटो सव्वापाच इंचांतच संपतो. फोटोशॉपमध्ये आकडा वाढवला तर पिक्सेल फुगतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काही परत येत नाहीत. चांगला डीटीपी ऑपरेटर अशा वेळी फोन उचलतो. "दादा, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अल्बममधली प्रत आणा, स्कॅन करून घेतो."

छपाईची प्लेट निघण्याआधीच्या या कामाला छापखान्यात प्रीप्रेस म्हणतात. स्क्रीनवरचा चमकता निळा छपाईच्या चार शायांत, म्हणजे सीएमवायकेत, मळतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग ३ मिलिमीटर बाहेर काढायचा, कारण कटिंगची सुरी केसभर सरकली तरी पांढरी रेघ उमटते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा; चारही शाया एकावर एक आल्या आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे त्यांची जुळणी, जरा हललं, की अक्षराला रंगीत सावली फुटते. आणि आपली जोडाक्षरं! श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. तो ओळखायला मराठी वाचणारा डोळाच लागतो. "कोरल येतं" एवढ्यावर हे भागत नाही.

"डीटीपी म्हणजे टायपिंगच ना? आणि आता छापतंय कोण?" असं पालक विचारतात. शंका रास्त आहे, लग्नपत्रिकासुद्धा आता मोबाइलवर येतात. पण औषधाचं खोकं मोबाइलवर येत नाही, म्हणून मी मुलांना पॅकेजिंगकडे बघा म्हणतो. तिथे चूक महाग पडते, त्यामुळे चूक पकडणाऱ्याला किंमत आहे. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, हेही ऐकून ठेवा.

आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावीनंतर मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत पदविका करता येते. यंदाच्या जागा प्रवेश पुस्तिकेत बघून घ्या.

त्याआधी घरी एक करून बघा. टूथपेस्टचं रिकामं खोकं आणि एक भिंग मुलाच्या हातात द्या. आतल्या झडपेवरचे ते रंगीत ठिपके कशासाठी, असं तो आपणहून विचारतोय का, ते पाहा.