मक्याच्या केसातील वाट

मुलांनो, पावसाळ्यात भाजलेले कणीस तुम्ही आवडीने खाता. कणीस सोलताना त्याचे मऊ, लांब केस हाताला चिकटतात. ते आपण फेकून देतो. पण त्यांतला एकेक केस एकेका दाण्याचा असतो, हे तुम्हांला माहीत आहे का? ज्या केसाला परागकण मिळत नाही, त्याचा दाणा भरत नाही. कणसात तेवढी जागा रिकामी राहते.

मक्याच्या शेंड्यावर तुरा येतो. त्यातले परागकण वाऱ्याने उडून केसांवर पडतात. परागकणातून एक बारीक नळी फुटते. तिला परागनलिका म्हणतात. ती केसाच्या आतून वाढत बीजांडापर्यंत जाते. केस वीतभर लांब असला, तरी ही वाट साधारण एका दिवसात पुरी होते!

या नळीतून दोन नर पेशी जातात. त्यांना पोहता येत नाही, चालता येत नाही. त्यांना कोणीतरी न्यावेच लागते. शिवाय नळी फक्त टोकाला वाढते. तेथे नवी भिंत बांधण्याचे सामान सतत पोहोचावे लागते. मग हे ओझे वाहते कोण?

इटलीतील आमिची या शास्त्रज्ञाने १८२४ साली परागनलिकेचे वर्णन केले. त्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते घोळीचे फूल. होय, ज्या घोळीची आपण भाजी करतो, तीच! नळीच्या आत बारीक कण फिरताना त्याला दिसले. पण ते कशाने फिरतात, हे कळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

पेशीत प्रथिनांचे रस्ते असतात. काही रस्ते ॲक्टिनच्या तंतूंचे, तर काही सूक्ष्मनलिकांचे. सूक्ष्मनलिका इतकी बारीक असते, की एका मिलिमीटरच्या रुंदीत अशा चाळीस हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. या रस्त्यांवर हमाल असतात. (हमाल हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे; तो अरबीतून मराठीत आला.) ॲक्टिनवर मायोसिन हे प्रथिन चालते. सूक्ष्मनलिकेवर कायनेसिन चालते. कायनेसिनचा शोध १८८५ साली नव्हे, तर अगदी अलीकडे, १९८५ साली लागला, तोही माकूळ या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूत. कायनेसिनला जणू दोन पाय असतात. एक पाय रोवून ते दुसरा पुढे टाकते आणि पाठीवरचे ओझे नेते.

परागनलिकेत कोणता रस्ता महत्त्वाचा? शास्त्रज्ञांनी औषध घालून ॲक्टिनचे तंतू मोडले. नळीची वाढ थांबली. मग सूक्ष्मनलिका मोडल्या. नळी मात्र वाढतच राहिली! म्हणजे घाईचा माल ॲक्टिनवरून जातो. मग सूक्ष्मनलिका निरुपयोगी म्हणायच्या का? तसे नाही. त्यांच्यावरून पेशीला शक्ती पुरवणाऱ्या तंतुकणिका सावकाश सरकतात. तंबाखूच्या परागनलिकेत सूक्ष्मनलिका मोडल्या, तेव्हा नळी वाढली खरी. पण नर पेशी जिच्यापासून तयार होतात, ती पेशी आपल्या नेहमीच्या जागी राहिली नाही. नळी पुढे आणि प्रवासी भलतीकडे, अशी गत झाली.